नाव, वडिलांचं नाव, आजोबांचं नाव

"बाईला चहा नको सांगू. चहा दिला की बसते."

दाऊदभाई दारातल्या चहावाल्याला हे हळू आवाजात सांगत होते. पण आमच्या ऑफिसात हळू आवाजाचा काही उपयोग नव्हता. लाकडी पार्टिशनमागे माझं टेबल होतं आणि जिना दाराला लागूनच. जिन्याच्या वरच्या पायरीवर झुलेखाबी उभ्या होत्या. त्या आत आल्या, बुरखा सावरून खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "चहा नकोच मला, दाऊदभाई. बिनचहाची पण बसते मी."

दाऊदभाईंनी चष्मा काढून पुसला. अडचण आली की ते चष्मा पुसत. मग म्हणाले, "बुक्रा."

बुक्रा म्हणजे उद्या. कुवेतमध्ये आल्यावर पहिल्या आठवड्यात कळतो तो हा शब्द. त्याचा अर्थ मात्र मला चार वर्षांच्या नोकरीतही नीट कळला नाही.

आमचं ऑफिस मिरकाबमध्ये, एका शिंप्याच्या दुकानावर होतं. पाटीवर चार लिप्यांत लिहिलेलं होतं: अर्ज, तर्जुमा, टायपिंग. दाऊदभाई दापोलीकडचे. कुवेतमध्ये त्यांची वीस वर्षं गेलेली, अरबी इतकं सफाईदार की इजिप्शियन कारकूनही त्यांना विचारत की तुम्ही कुठल्या गावचे. मी मुंबईच्या कॉन्व्हेंटमधून मॅट्रिक आणि मग शॉर्टहँड करून वडिलांकडे आले होते. वडील एका व्यापाऱ्याकडे हिशेबनीस. दाऊदभाईंना इंग्रजी टाईप करणारं माणूस हवं होतं आणि "शेजाऱ्याची मुलगी, कमी बोलणारी" ही त्यांच्या मते चांगली शिफारस होती. मी खरोखरच कमी बोलत असे. काही सांगायचं असलं तर चिठ्ठी लिहून त्यांच्या टेबलावर पेपरवेटखाली ठेवत असे.

आमचं निम्मं काम महकम्यातून, म्हणजे कोर्टातून, जुने कागद काढून देण्याचं होतं. लोकांना वाटतं की निकाल लागला की काम संपलं. खरं काम पुढे चार-पाच वर्षांनी निघतं. कुणाला दुसरं लग्न करायचं असतं, कुणाला मुलाचा पासपोर्ट काढायचा असतो, आणि त्या वेळी तलाकचा किंवा निकाहचा कागद कुठे ठेवला ते आठवत नाही. मग महकम्याच्या दप्तरातून शिक्क्याची नक्कल काढावी लागते.

ती कशी काढतात ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच अडलेलं आहे. घरगुती दाव्यांची तिथे वेगळी खोली होती. त्यात वर्षावार जाड वह्या, आणि वर्ष हिजरी. गिऱ्हाईक सांगणार, "थंडी होती, नाताळाच्या सुमारास." ते कुठल्या हिजरी वर्षात बसतं ते पाहायला मी एक तक्ता करून भिंतीला चिकटवला होता. त्या तक्त्याचा मला अभिमान होता. शेजारच्या ऑफिसांतले लोकही तो बघायला येत. वहीत दावा लावणाऱ्याचं नाव असे: स्वतःचं, बापाचं, आजोबांचं. आडनाव नाही. समोरच्या माणसाचं नावही वहीत नाही, ते फायलीच्या आत. नावापुढे फायलीचा नंबर. म्हणजे नाव जुळलं नाही तर नंबर नाही आणि नंबर नाही तर फाईल नाही. कारकून अर्जावर लिहिलेलं नावच शोधणार, त्याच्या जवळपासचं नाही.

ह्या तीन नावांनी कधी कधी गंमतही व्हायची. फहाहीलच्या एका मास्तरांना, म्हणजे टेलरना, आपल्या तलाकची नक्कल हवी होती. होणाऱ्या सासऱ्यांनी मागितली होती. नक्कल आली. मी तिच्या इंग्रजी तर्जुम्याचं टायपिंग करताना पाहिलं की नवऱ्याचं नाव, बापाचं, आजोबांचं, तिन्ही मास्तरांचीच, पण बायको वेगळी आणि लग्न बसऱ्यात झालेलं. दाऊदभाईंनी सांगितलं, मास्तर, हा तुमचा तलाक नाही. मास्तरांनी बायकोबद्दलचा भाग पुन्हा वाचून घेतला आणि म्हणाले, "असू द्या हाच. ह्यातली बाई काही तक्रार न करता गेलेली दिसते. माझीनं तर चार पानं लिहिलीत."

त्यांना तो कागद दिला नाही. पण ते बराच वेळ नाराज होते.

झुलेखाबींचं काम मात्र गमतीचं नव्हतं. त्या रत्नागिरीच्या खाडीपलीकडच्या. दस्मानला एका मोठ्या घरी शिवणकाम करत आणि तिथेच मागच्या खोलीत मुलीला घेऊन राहत. मुलगी मुमताज, नऊ वर्षांची. नवऱ्यानं, इब्राहिमनं, पुन्हा लग्न केल्यावर झुलेखाबींनी स्वतः महकम्यात दावा लावून तलाक घेतला होता, आणि काझींनी निकाल दिला होता की मुलीचा निकाह होईपर्यंत ती आईकडे राहील. त्या निकालाचा कागद झुलेखाबींना मिळालाही होता. पण वर्षभरानं इब्राहिम "ऑफिसात दाखवून परत आणतो" म्हणून घेऊन गेला तो गेलाच.

"आता बोलतो, पोरीला गावी नेतो," त्या मला सांगत होत्या. दाऊदभाई नमाजला गेले की त्या पार्टिशनच्या ह्या बाजूला येऊन बसत. "बेस्तरवारच्या बोटीची तिकिटं काढलीन त्यानं. पोरीचं नाव त्याच्याच पासपोर्टात हाय. मी बोलले, काझीनं पोर मला दिलीय. तर हसतो. बोलतो, कागद दाखव. आता बाय, पोलीस आले नि बोलले कागद दाखव, तर मी काय दाखवू? शिलाईची मशीन?"

मी म्हणाले, "मिळेल." आणि पुढचा कागद मशीनमध्ये घातला. मला त्यांच्या कामात नक्की काय अडलंय तेच कळत नव्हतं. दाऊदभाई दोनदा महकम्यात जाऊन आले होते. दोन्ही वेळा येऊन म्हणाले, नाव सापडत नाही. वर्ष तर चुकलेलं नव्हतं. झुलेखाबी म्हणत होत्या, "रुपये जाऊन दिनार आले ना, त्या साली. रोजे होऊन दोन महिने झालेले." इतका पक्का पत्ता सहसा कुणी देत नाही. तक्त्यात बोट ठेवल्याबरोबर वर्ष मिळालं होतं.

मग नाव का नाही?

तिसऱ्या खेपेला दाऊदभाई म्हणाले, त्यांना फहाहीलला काम आहे, मी जावं. मी महकम्यात त्याआधी एकटी कधी गेले नव्हते. ते सरळ माझ्याकडे न बघता म्हणाले, "उस्ताद फौझीला इंग्रजी येतं. फक्त अर्ज द्यायचा. जास्त काही विचारायचं नाही."

जास्त विचारायचं नाही, हे मला सांगावं लागावं ह्याचंच नवल वाटलं. झुलेखाबींना बरोबर घेऊन मी गेले.

उस्ताद फौझी दप्तराच्या खोलीचे कारकून. इजिप्तचे, जाड, वागायला सभ्य. खोलीत पंखा होता, पण कागद उडतात म्हणून ते तो बंद ठेवत आणि रुमालानं मान पुसत. त्यांनी अर्ज वाचला. झुलेखा, बापाचं नाव हसन, आजोबांचं नाव महमूद. त्यांनी वही उघडली. मला अरबी वाचता येत नव्हतं म्हणायला हरकत नाही, पण बिस्किटांच्या डब्यांवरून आणि दुकानांच्या पाट्यांवरून अक्षरं ओळखायला शिकले होते. झुलेखाचं पहिलं अक्षर मला माहीत होतं. फौझींचं बोट पानावरून खाली आलं आणि तीन ठिकाणी थांबलं.

"तीन आहेत," ते म्हणाले. "एक बिन्त अली. एक बिन्त इब्राहिम. एक बिन्त सालिम. हसनची मुलगी नाही."

झुलेखाबींनी मला विचारलं, "काय बोलतो?"

"तुमचं नाव नाही म्हणतायत."

"नाय कसं? मी इथं बसले होते." त्यांनी बोटानं बाहेरचा बाक दाखवला. "ह्याच बाकावर. तेव्हा रंग हिरवा होता त्याला."

मी हे इंग्रजीत सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. बाकाच्या रंगानं काय सिद्ध होणार, असं मला वाटलं. फौझींनी वही मिटली आणि म्हणाले, "मिस, कदाचित दावा लावलाच नसेल. बायका कधी कधी समजतात की लावला." झुलेखाबींना ते समजलं नाही, पण त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि परत येताना माझ्या दोन पावलं पुढे चालत राहिल्या. त्या रात्री मला अशीही शंका आली की खरंच दावा लावला नसेल तर? त्या शंकेची मला अजून लाज वाटते.

शनिवारी आईचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, नवा करायचा होता. वडिलांना रजा नव्हती म्हणून मी बरोबर गेले. खिडकीतल्या माणसानं आईचं कार्ड पाहिलं, माझं पाहिलं, पुन्हा आईचं पाहिलं आणि हसत विचारलं, "बहिणी?"

आई इतकी खूष झाली की घरी येईपर्यंत पदर सारखा करत होती. वडिलांना सांगताना तिनं तो प्रसंग वाढवून सांगितला. वडील म्हणाले, "अगं, तुझ्या तोंडाकडे बघून नाही म्हणाला तो. दोघींच्या नावात गजानन आहे. सुशीला गजानन, नलिनी गजानन. त्याला वाटलं, गजानन नावाच्या गृहस्थाला दोन मुली."

"म्हणजे मी तुमची मुलगी?" आई म्हणाली. आणि दोघं हसत सुटले.

मी हसले नाही. भाकरी हातात तशीच धरून बसले. माझ्या नावात मधे वडिलांचं नाव, म्हणजे अरबांच्या पद्धतीला अगदी बरोबर. म्हणून चार वर्षं शेकडो नावं टाईप करूनही माझ्या हे ध्यानात आलं नव्हतं. पण लग्न झालेल्या बाईच्या नावात आमच्याकडे मधे नवरा येतो. कोकणातल्या मुसलमानांतही पासपोर्टावर तसंच. झुलेखाबींचा पासपोर्ट मी पाहिला होता. झुलेखा इब्राहिम. त्या वहीतली बिन्त इब्राहिम, इब्राहिमची मुलगी, ती ह्याच. कुणीतरी पासपोर्ट समोर ठेवून दाव्याचा अर्ज भरला होता आणि मधलं नाव बापाच्या रकान्यात घातलं होतं, त्यामुळे नवऱ्याचा बाप आपोआप आजोबा झाला होता.

दुसऱ्या दिवशी मी दाऊदभाईंच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली. सगळं नीट लिहिलं होतं. त्यांनी चष्मा लावून वाचली. मला वाटलं, ते ओरडतील, "शाबास!" कारण चांगलं काम झालं की ते मोठ्यांदा शाबास म्हणत, खालच्या शिंप्याला ऐकू जाईल इतकं. त्यांनी चिठ्ठीची चार घड्या घालून ती खिशात टाकली.

"असेल," ते म्हणाले, आणि नमाजची वेळ झाली नव्हती तरी नमाजला गेले.

मी गोंधळले. मला वाटलं, मी चुकले असेन. मग वाटलं, चिठ्ठीत इंग्रजी फार झालं असेल. सोमवारी मी तीच चिठ्ठी मराठीत लिहून ठेवली. ती दिवसभर पेपरवेटखाली राहिली. संध्याकाळी ती तिथे नव्हती, आणि दाऊदभाई म्हणाले, "नलिनीबाई, प्रत्येक गाठ आपणच सोडवायची असं नसतं. कधी गाठीवरच दोरी टिकलेली असते." मला वाटलं, ही काही अरबी म्हण असावी. मी घरी जाईपर्यंत तिचा अर्थ लावत होते.

मंगळवारी झुलेखाबी आल्या. चहावाला दारात होता. त्या त्याला म्हणाल्या, "आज एक कप माझा. पैसे मी देते." चहा आला, त्यांनी तो पूर्ण प्याला, कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "परवा बोट. उद्या तुम्ही येता माझ्यासंगं, दाऊदभाई. नाय आलात तर मी पोरीला घेऊन इथंच येऊन राहीन. तुमच्या ह्या टेबलाखाली. मग पोलिसांना तुम्हीच सांगा काय ते."

"तोबा, झुलेखाबी. येतो ना."

"आणि ही बाय पण."

म्हणून बुधवारी आम्ही तिघं महकम्यात गेलो. बाकावर झुलेखाबी मधे आणि आम्ही दोन बाजूंना. दाऊदभाई नेहमी दप्तरात शिरताना मोठ्यानं सलाम करत, त्या दिवशी पुटपुटले. अर्ज मात्र त्यांनीच भरला. झुलेखा, बिन्त इब्राहिम. म्हणजे माझ्या दोन्ही चिठ्ठ्या त्यांनी वाचल्या होत्या.

नंबर मिळाला, फाईल आली. पातळ होती, वर तांबडा दोरा. फौझींनी दोरा सोडला आणि वाचायला लागले. निकालाचं पान होतं, त्यावर काझींचा शिक्का होता, मुमताजचं नाव होतं. झुलेखाबींना वाचता येत नव्हतं, पण त्यांनी शिक्का ओळखला आणि पुटपुटल्या, "हाच तो. हाच."

फौझींचं वाचन मात्र थांबलं होतं. त्यांनी एक ओळ दोनदा वाचली. मग मान वर केली. त्यांचा चेहरा इतका बदलला होता की मला वाटलं, त्यांना बरं वाटत नाहीये.

"नवरा इब्राहिम बिन युसूफ," ते म्हणाले. "बायको झुलेखा बिन्त इब्राहिम बिन युसूफ." त्यांनी दोन्ही नावांवर दोन बोटं ठेवली. "ह्या माणसानं स्वतःच्या मुलीला तलाक दिला?"

दाऊदभाईंनी चष्मा काढला.

"काझींच्या नजरेतून सुटलं," फौझी म्हणाले. "माझ्या हातून सुटणार नाही. नाव खोटं असेल तर बाईनं महकम्यात खोटं सांगितलं. नक्कल मिळणार नाही. फाईल काझींकडे जाईल. ते बाईला बोलावतील, साक्षी होतील. एक महिना, दोन महिने."

"काय बोलतो?" झुलेखाबींनी दाऊदभाईंना विचारलं. ते चष्मा पुसत राहिले, म्हणून मला विचारलं. मी सांगितलं. त्या उभ्याच राहिल्या.

"मी खोटं बोलले? मला काय लिवता येतं? मालकिणीनं कागद भरून आणवला, अंगठा दे बोलली, मी दिला. कागद भरला कुणी ते बघायला सांग त्याला!"

फौझींनाही तेच हवं होतं. ते फायलीतली पानं उलटत शेवटच्या पानापर्यंत गेले. मूळ अर्ज अरबीत, हातानं लिहिलेला. लिहिणाऱ्याची सही नाही, शिक्का नाही. त्याला टाचणीनं एक लहान कागद लावलेला होता, नाव इंग्रजीत टाईप केलेला, कारकुनाला हिज्जे कळावेत म्हणून. अशी चिठ्ठी आम्ही अजूनही प्रत्येक अर्जाला लावत होतो. फौझींनी ती वर धरली. "हे कुणी केलं?"

मी ते अक्षर पाहिलं. त्यातला एच ओळीच्या थोडा वर उडालेला होता आणि ए-चं पोट शाईनं भरलेलं. चार वर्षं रोज सकाळी मी टाचणीनं ते पोट साफ करत होते. ह्या खोलीत तो कागद कुठल्या मशीनवरचा आहे हे ओळखणारी दोनच माणसं होती.

दाऊदभाई बंद पंख्याकडे बघत होते. चांगला माणूस. माझ्या वडिलांच्या आजारपणात रोज संध्याकाळी येऊन बसणारा, दापोलीच्या निम्म्या गावाचे अर्ज फुकट लिहिणारा. महकम्यातला त्यांचा शब्द म्हणजेच आमचं ऑफिस. तो गेला तर ऑफिस गेलं आणि माझी नोकरीही. त्यांना पहिल्या खेपेलाच आपली चूक कळली होती की माझी चिठ्ठी वाचून, हे मला आजही सांगता येणार नाही. ते बोलतील म्हणून मी वाट पाहिली. मनात पन्नासपर्यंत मोजले. ते बोलले नाहीत. झुलेखाबी बुरख्याचं टोक दातांत धरून माझ्याकडे बघत होत्या.

पुढे काय झालं तेही सांगून टाकते. फौझींनी खुलाशाचा अर्ज तिथेच लिहून घेतला, झुलेखाबींच्या पासपोर्टावरून आणि घरून आणवलेल्या माझ्या आईच्या कार्डावरून खात्री करून घेतली आणि दुपारी काझींसमोर ठेवला. संध्याकाळी शिक्क्याची नक्कल झुलेखाबींच्या हातात होती. गुरुवारी बोट गेली. मुमताज गेली नाही. दाऊदभाईंची पाटी उतरली नाही, पण ते महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले. मीही त्यांना चिठ्ठी लिहिली नाही. मी ते काम सोडलं तेव्हा त्यांनी मला एक पेन दिलं आणि काही म्हणायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. ते काय म्हणणार होते, कुणास ठाऊक.

त्या सकाळी मात्र ह्यातलं काहीच मला माहीत नव्हतं. फौझींनी ती चिठ्ठी तशीच वर धरली होती आणि तिसऱ्यांदा विचारलं, "कुणी?"

मी इंग्रजीत म्हणाले, आणि माझा आवाज इतका मोठा आला की बाहेरच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली:

"हा आमच्या ऑफिसचा कागद आहे. बाईंनी खोटं सांगितलेलं नाही. आमच्याकडे लग्न झाल्यावर बाईच्या नावात मधे नवऱ्याचं नाव येतं, आणि ते आम्ही बापाच्या जागी लिहिलं. चूक आमची. सही कुठे करू?"